‘सिकल मुळासकट काढतो’ म्हणणारा माणूस आमच्याकडे येऊन गेला

घरात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आहे आणि मुलीचं किंवा मुलाचं लग्न जमवायचं आहे, अशांनी हे जरूर वाचा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानपट्ट्यात एक ‘वैद्य’ आठवडी बाजाराच्या दिवशी भाड्याची खोली घेऊन बसतो. आमचे ४३,००० रुपये त्याच्याकडे गेले. पैशांपेक्षाही तो फसवतो कसा ते समजून घ्या, कारण त्याची सगळी कारागिरी आपल्या आजाराच्या स्वभावावरच चालते.

मी एस-एस आहे, म्हणजे सिकलचा जीन आई-बाप दोघांकडून मिळाला आणि आजार झाला. माय आणि बाबा दोघेही ए-एस, म्हणजे एकच सिकल जीन असलेले वाहक. त्यांना स्वतःला काही त्रास नाही. मी सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसते, दिवसभर दाखले आणि पीक विम्याचे अर्ज भरते. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलचं दुखणं कमी ठेवणारं औषध) आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, मधून मधून रक्त तपासून डोस ठरतो. पाण्याची बाटली जवळ लागतेच. रोवण्याच्या दिवसांत मी बांधीत उतरत नाही, गार पाण्यात पाय राहिले की दुखणं उठतं. दिवाळीनंतर मंडई असली की झाडीपट्टीचं नाटक मात्र पहाटेपर्यंत बघते, सोबत शाल आणि गरम पाण्याचा थर्मास. अधूनमधून दुखणं येतं, भरती व्हावं लागतं, मग परत कामावर. असं माझं बरं चाललं होतं.

अडलं होतं ते लग्न. पाहुणे यायचे, चहा-पोहे व्हायचे, रिपोर्ट बघितला की ‘कळवतो’ म्हणून जायचे. ही गोष्ट बाजारातल्या त्या माणसापर्यंत कोणीतरी पोचवली असणार, कारण पहिल्याच भेटीत तो मायला म्हणाला, “पोरीचं लग्न अडलंय ना? रिपोर्ट कोरा करून देतो.”

खोलीत भिंतीवर विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचं चित्र होतं, अगदी सरकारी दवाखान्यात असतं तसलंच. टेबलावर रजिस्टर, त्यात ‘बऱ्या झालेल्यांची’ नावं. तीन महिन्यांचा कोर्स १८,००० रुपये. धानाचे चुकारे नुकतेच जमा झाले होते, हेही त्याला ठाऊक होतं. अट एकच: इंग्रजी गोळ्या पूर्ण बंद, नाहीतर गुण येणार नाही. औषध म्हणजे कागदाच्या पुड्या आणि लेबल नसलेल्या पांढऱ्या डबीत तपकिरी गोळ्या. पावती मागितली तर वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला. नाव नाही, सही नाही, नोंदणी क्रमांक तर दूरच.

पुड्या सुरू झाल्या आणि सांध्यांची कणकण थांबली. भूक एवढी लागायची की रात्री उठून मी शिळी भाकर खायची. गाल गोल झाले. माय शेजारणीला सांगायची, “पाहा वं, पोरगी कशी भरली!” नंतर सरकारी डॉक्टरांनी माझा चेहरा बघताच पहिला प्रश्न विचारला, “कुठली पुडी घेतेस?” असा सुजलेला चेहरा आणि अशी भूक स्टेरॉइडने होते. स्टेरॉइड दुखणं दाबतं, आणि ते थांबलं की सिकलच्या रुग्णात दुखणं उलटून येऊ शकतं. हायड्रॉक्सीयुरियाचं उलट असतं. ती महिनोन्‌महिने गुपचूप काम करते, घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून सोडायला सोपी वाटते.

कोर्स संपता संपता पावसाळा लागला आणि मी जिल्हा रुग्णालयात पोचले. छाती, कंबर, मांड्या, सगळीकडे एकदम. हिमोग्लोबिन ४.८. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या.

बाबांनी त्याला फोन केला तो भांडायलाच. तो शांतपणे म्हणाला, “विष बाहेर पडतंय. आठवड्याने अमुक लॅबमध्ये तपासणी करा, फरक दिसेल.” आणि फरक दिसलाच! माझ्या जुन्या रिपोर्टात ए हिमोग्लोबिन, म्हणजे निरोगी माणसाचं असतं ते, नव्हतंच. या कागदावर ते ४० टक्क्यांच्या वर होतं. बाबा तो कागद घेऊन गावभर फिरले. पुढच्या कोर्सचे २५,००० त्याच दिवशी गेले.

सिकलसेलचं काम बघणाऱ्या समुपदेशक ताईंनी तो कागद बघितला आणि विचारलं, “रक्त कधी चढवलं होतं?” मग त्यांनी समजावलं: ते ए हिमोग्लोबिन माझं नव्हतंच, रक्तदात्याचं होतं. दिलेल्या रक्ताच्या पेशी अंगात काही आठवडे टिकतात, तेवढे दिवस तपासणीत त्या दिसतात. खरं चित्र बघायचं तर रक्त दिल्यावर साधारण तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे या गृहस्थाने ‘आठवड्याने’ म्हटलं ते उगाच नाही. काय करतोय ते त्याला पक्कं कळत होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

तो कोरा रिपोर्ट दाखवून माझं लग्न एखाद्या ए-एस मुलाशी झालं असतं तर? दर गरोदरपणात बाळ एस-एस असण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा ए-ए, म्हणजे सिकलचा जीन नसलेला, असेल तर मुलं वाहक होतात, आजारी होत नाहीत. म्हणून आता आम्हीच आधी मुलाचा रिपोर्ट मागतो. पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी होतात, पण ते असो.

सिकल जन्मतःच जीनमध्ये असतं आणि पेशी तयार होतात हाडांच्या मगजात. पुडी तिथे काही बदलू शकत नाही. भाऊ-बहिणीचा मगज जुळला तर प्रत्यारोपणाने आजार जाऊ शकतो. जीन बदलणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली, त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आमच्याकडे तोच गुण १८,००० रुपयांत, बाजाराच्या दिवशी!

ज्यांनी त्याची औषधं चालू ठेवली आहेत त्यांनी घाबरून एकदम बंद करू नका. डबी घेऊन सरकारी डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कशी सोडायची ते सांगतील. सिकलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. सरकारी रक्तपेढीत त्याला रक्ताचे पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर तिथल्या तिथे विचारा.

आमची डबी, उरलेल्या पुड्या आणि वहीचं ते पान तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रारीसोबत दिलं आहे. त्याचा नंबर आता बंद लागतो, खोलीला कुलूप आहे. तो नाव बदलतो, पण भिंतीवरचं चित्र आणि ‘रक्त चढल्यावर आठवड्याने तपासा’ हे वाक्य बदलत नसावा. तुमच्या बाजारात असा कोणी बसला असेल तर तुमच्या तालुक्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.