टोमॅटो-मिरची-वांग्याची रोपं घ्यायची तर इथून घ्या (सोलापूर रोडवरची भाजीपाला रोपवाटिका)

गच्चीवर किंवा बाल्कनीत खायची भाजी लावायची असेल आणि पहिल्यांदाच लावत असाल तर आधी इथे या, मग बाकीची खरेदी करा. हडपसर सोडून उरुळी कांचनकडे निघालं की दोन्ही बाजूला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच शोभेच्या झाडांच्या, गुलाब-जास्वंद-पामवाल्या. ही तशी नाही, ही शेतकऱ्यांना भाजीची रोपं पुरवते, एकेक जण टेम्पो घेऊन येतो आणि हजारांनी रोपं नेतो. आपल्याला वाटतं आपण दहा रोपं मागितली तर हाकलून देतील, पण तसं काहीच नाही, काउंटरवरचे दादा नीट बोलतात, पहिला प्रश्न हाच की "ताई, ऊन किती तास येतं?" आणि तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे खरं तर. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी ह्यांना निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजेच, तेवढं नसेल तर पालक, पुदिना, अळू असलं लावा, उगाच फळभाजीच्या मागे लागू नका.

आता रोपांबद्दल, कारण खरी गोष्ट तीच. इथे रोपं प्रोट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाढवतात, शंभरेक खळग्यांचे काळे ट्रे असतात ना ते, आणि सगळं बारीक जाळीच्या शेडमध्ये. ती जाळी का महत्त्वाची ते सांगते. पांढरी माशी आणि फुलकिडे कोवळ्या रोपाला लागले की व्हायरस तिथेच घुसतो, मग पानं वळतात, गोळा होतात, आपल्याकडे ज्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात तो, आणि एकदा तो आला की झाड बरं होत नाही, कितीही निंबोळी तेल मारा. रस्त्याकडेला उघड्यावर पिशवीत ठेवलेलं मिरचीचं रोप बरेचदा आधीच आजारी असतं आणि आपण घरी आणून महिनाभर त्याची सेवा करत बसतो.

दादांनी एक रोप दाखवायला काढलं, ट्रेच्या खालच्या भोकातून बोटाने हलकंच ढकललं आणि अख्खा गड्डा न फुटता बाहेर आला, भोवती पांढऱ्याशुभ्र बारीक मुळांचं जाळं. असंच रोप घ्यायचं. मुळं पिवळी-तपकिरी होऊन खाली गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप वयाने जास्त झालंय, सोडून द्या. टोमॅटोचं साधारण २५-३० दिवसांचं, मिरचीचं ३५-४० दिवसांचं रोप चांगलं, बुटकं, जाड देठाचं, चार-पाच पानांचं. उंच लुकडं झालेलं किंवा ट्रेमध्येच फुलं आलेलं दिसलं की लोक खूश होतात, पण ते नको.

भाव एकदम शेतकऱ्याचा, रोपामागे दोन-तीन रुपयांच्या आत. मॉलमधल्या त्या किटचे पैसे बघा, चार बिया, एक कोकोपीटची वडी आणि रंगीत डबा, त्यात इथे अख्ख्या सोसायटीची रोपं येतील! मेथी, कोथिंबीर, पालक मात्र रोपं आणून लावायच्या नसतात, मेथ्या आणि धने घरच्या डब्यातले थेट पेरा, धने चपलेने हलके रगडून दोन भाग करून.

नावडलेलं पण सांगते. ट्रेवर वाणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, विचारलं तर "हायब्रीड आहे" (म्हणजे दोन वाणांच्या संकरातलं) एवढंच, ते मला पटलं नाही, घेणाऱ्याला कळायला पाहिजे. हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तशीच फळं येतील ह्याची खात्री नसते, ज्यांना बी राखायचं आहे त्यांनी देशी वाण दुसरीकडे बघा. आणि इथली तयार माती अजिबात घेऊ नका, चिकट आहे, कुंडीत पाणी तुंबतं. घरी पोयटा माती (गाळाची, भुसभुशीत), शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारखं सारखं घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड (तेल काढून उरलेला निंबोळ्यांचा चोथा), झालं. टोमॅटो-वांग्याला निदान १२ बाय १२ इंचाची ग्रो बॅग (कुंडीऐवजी माती भरायची पिशवी), १५ची मिळाली तर फारच छान, आणि गच्चीवर ठेवताना भिंतीच्या-बीमच्या कडेने ठेवा, ओली माती लई जड होते.

लावायचं संध्याकाळी. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल गाडला तरी चालतो, देठालाच मुळं फुटतात, पण मिरची-वांगं ट्रेमध्ये होतं तेवढंच. पहिले चार दिवस दुपारी सावली धरा.

आपल्या पुण्यात गणपती झाल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ टोमॅटोला मस्त, कडक उन्हाळ्यात फुलं गळतात. सकाळी लवकर जा, दहानंतर शेतकऱ्यांच्या गाड्या लागतात आणि सुट्टी रोपं द्यायला कुणाला वेळ नसतो. जाताना उथळ खोका न्या आणि रोपं गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत उष्णतेने माना टाकतात. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या मातीचा कापला.