मनगट मोडलं तर क्लिनिक कोण चालवणार? व्यावसायिकांसाठी विम्याचे पर्याय

फोंड्यात किंवा म्हापशात स्वतःचं क्लिनिक असलेला दंतवैद्य घ्या. पावसात स्कूटर घसरली, उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून भागेल, काही अंशी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतूनही. पण खुर्ची तीन महिने रिकामी, आणि भाडं, असिस्टंटचा पगार, मशीनचा हप्ता चालूच. हे पैसे कुठून येणार?

बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, म्हणून असावीच. पण २ लाख मिळतात ते मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, पाय वा डोळे कायमचे गेले तर. प्लास्टरला छदामही नाही. गाडीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात कवचही तसंच, शिवाय तुमच्या स्वतःच्या गाडीपुरतंच.

टर्म पॉलिसीचा (म्हणजे साध्या आयुर्विम्याचा) अपंगत्व रायडर, म्हणजे जोडून घ्यायचं जादा कवच, स्वस्त पडतो, एजंटही तोच पुढे करतात. त्यातली व्याख्या मात्र नीट वाचा. ‘कोणतंही काम करता येऊ नये’ असं लिहिलं असेल, तर हाताला कंप सुटलेला पण कॉलेजात शिकवू शकणारा दंतवैद्य त्यात बसत नाही. ‘स्वतःचा व्यवसाय करता येऊ नये’ अशी भाषा मिळाली तर थोडा जास्त प्रीमियम देऊनही घ्यावी.

माझं मत स्वतंत्र वैयक्तिक अपघात विम्याला, तोही आठवड्याच्या भत्त्यासह, म्हणजे अपघातामुळे काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम. ‘सरल सुरक्षा विमा’ ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी २०२१ पासून आहे, २.५ लाखांपासून १ कोटीपर्यंत. तिच्यात हा भत्ता जादा प्रीमियम भरून घ्यावा लागतो: दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, जास्तीत जास्त १०० आठवडे. ५० लाखांवर आठवड्याला १०,००० रुपये. भाडं आणि पगार त्यात निघावा. मात्र अट पूर्ण असमर्थतेची आहे. प्लास्टर घालून तासभर पेशंट तपासत बसलात तर कंपनी भत्ता अडवू शकते. विमा रक्कमही सहसा उत्पन्नाच्या पटीत ठरते, त्यामुळे आयकर रिटर्नमध्ये कमी कमाई दाखवणाऱ्यांना इथे ते भोवतं.

आजारपण यात येत नाही. त्यासाठी क्रिटिकल इलनेस पॉलिसी: पक्षाघात, कॅन्सर अशा ठरावीक आजारांत एकरकमी पैसे, बहुधा पॉलिसी घेतल्यानंतरचे पहिले ९० दिवस सोडून. चाळिशी जवळ आली की घ्याच.

दंतवैद्यांची नेहमीची दुखणी, मान आणि कंबर, मात्र या दोन्ही पॉलिसींत सहसा बसत नाहीत. तिथे सहा महिन्यांच्या खर्चाची एफडीच कामाची.

अपघात विमा १५ लाखांचा किंवा जास्त असेल, तर गाडीची पॉलिसी रिन्यू करताना त्यातलं अपघात कवच काढायला सांगा. एकाच गोष्टीचा प्रीमियम दोनदा कशाला?