इंजिनिअरिंग की अ‍ॅक्चुअरी: तीन सत्रांच्या करिअर सल्ल्याचा अनुभव

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं डिझाइनमध्ये आहे आणि गेलं वर्षभर अ‍ॅक्चुअरीच्या, म्हणजे विमा-पेन्शनमधल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा डोक्यात घोळत होत्या. शेवटी एका ऑनलाइन समुपदेशन सेवेची तीन सत्रं घेतली. खरं तर त्यातल्या मधल्या सत्रासाठीच हे लिहितोय.

पहिलं सत्र म्हणजे लांबलचक कलचाचणी आणि तिचा बावीस पानी अहवाल. गणिताची आवड, विश्लेषक वृत्ती, आणि दोन्ही क्षेत्रांपुढे ‘अत्यंत योग्य’. अहो, तेवढं मलाही माहीत होतं. दोन्हींतलं एक कसं निवडायचं, हेच तर विचारायला आलो होतो.

दुसऱ्या सत्राला आयुर्विम्यात वीस वर्षं काढलेल्या एक अ‍ॅक्चुअरी मॅडम होत्या. त्यांनी अहवालाला हातही लावला नाही. मला स्प्रेडशीट उघडायला सांगितली. तीस वर्षांनी कुणाला तरी १०० द्यायचे आहेत, तर आज किती बाजूला ठेवाल? व्याज ५ टक्के धरलं, २३.१४ आले. ४ टक्के धरलं, ३०.८३. "एका टक्क्यात रक्कम तिसऱ्या हिश्श्याने वाढली," त्या म्हणाल्या. "आता सांगा, सही कोणत्या आकड्यावर कराल?"

मी गप्प. आमच्याकडे शंका आली की नमुना मशीनवर लावायचा, तुटेपर्यंत ओढायचा. दुपारपर्यंत उत्तर हातात. इथे उत्तर कळायला तीस वर्षं थांबायचं. फार सावध राहिलं तर विमा इतका महाग होतो की लोक घेत नाहीत. हात सैल सोडला तर कुणाच्या तरी म्हातारपणी पैसे कमी पडतात. गणित जमेल का, हा प्रश्न मी वर्षभर धरून बसलो होतो. खरा प्रश्न हा होता: आपलं उत्तर बरोबर होतं की नाही हे इतक्या उशिरा कळलेलं मला सोसेल का?

मग मृत्युसारणी, म्हणजे कोणत्या वयात किती माणसं मरतात याचा तक्ता. वयानुसार मृत्युदर लॉग मापावर (प्रत्येक पायरीला आकडा ठरावीक पटीने वाढतो असं माप) काढला तर प्रौढ वयात जवळजवळ सरळ रेघ येते, दर साधारण आठ वर्षांनी दुप्पट. बेंजामिन गोम्पर्ट्झ या ब्रिटिश गणितज्ञाने हा नियम १८२५ मध्ये मांडला. ती रेघ बघून अंगावर काटा आला. बेअरिंग किती टिकेल हे बघताना मी जो हॅझार्ड रेट (आतापर्यंत टिकलेली वस्तू पुढच्या क्षणी बिघडण्याचा दर) काढतो, तो आणि अ‍ॅक्चुअरींचा फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी (त्या वयापर्यंत जगलेल्या माणसाचा पुढच्या क्षणी मृत्यू होण्याचा दर) गणिताच्या दृष्टीने एकच! शिकलेलं वाया जाणार नाही, हे नुसतं कुणी सांगून मला पटलं नसतं.

परीक्षांबद्दलही मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. नोकरी करत पेपर द्यायचे, संध्याकाळी आणि सुट्ट्या त्यातच जाणार, फेलो, म्हणजे पूर्ण पात्र अ‍ॅक्चुअरी, होईपर्यंत बरीच वर्षं. हुशार माणसंही नापास होतात. सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीज या अमेरिकन संस्थेचा संभाव्यतेचा पेपर तीन तासांचा, ३० प्रश्नांचा. नोकरी न सोडता तेवढा देऊन बघा, मग ठरवा, म्हणाल्या.

तिसऱ्या सत्राला वेगळेच सल्लागार आले. त्यांनी दुसऱ्या सत्राची टिपणं वाचलीच नव्हती, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. वेळ संपली तेव्हा आम्ही माझ्या बायोडेटाच्या फाँटवर बोलत होतो. याचा मला मनापासून राग आला.

सेवेला पाचपैकी तीन, मॅडमच्या सत्राला पूर्ण पाच. अशी कुठलीही सेवा घेणार असाल तर आधी विचारा, त्या क्षेत्रात रोज काम करणारं माणूस समोर बसणार आहे का. नसेल तर घेऊ नका.

मी संभाव्यतेच्या पेपरला नाव नोंदवलंय. ती स्प्रेडशीट अजून ठेवली आहे. रात्री बसलो की व्याजाचा दर थोडा बदलतो आणि खालचा आकडा कुठे जातो ते बघतो.