‘तुला काय कमी आहे?’ : ‘डॅरियस द ग्रेट इज नॉट ओके’ वाचताना

‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रात कुठेही ऐकू येतो आणि आम्ही ठाणेकर तो हसून सोडून देतो. १९०१ सालापासून आमच्या शहरात मनोरुग्णालय आहे, एवढेच त्या विनोदाचे भांडवल. अदीब खोरम यांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली ही पहिली कादंबरी वाचताना मात्र तो विनोद वारंवार आठवला आणि दर वेळी अधिकच खुजा वाटला.

कथानायक डॅरियस केल्नर हा अमेरिकेतील पोर्टलंड शहरात राहणारा शाळकरी मुलगा. त्याची आई इराणमधील यझ्द शहरातल्या झरतुष्ट्री (म्हणजे पारशांच्याच धर्माच्या) कुटुंबातली, तर वडील गोरे अमेरिकन. डॅरियसला नैराश्याचा आजार आहे, त्याच्या वडिलांनाही आहे, आणि रक्तदाबाची गोळी घ्यावी तितक्या साधेपणाने दोघेही रोज औषध घेतात. या आजारामागे एखादी दुर्घटना किंवा अपमान उभा करण्याचा मोह लेखकाने टाळला आहे, आणि कादंबरीचे खरे बळ मला त्यातच दिसते. आजोबांना मेंदूत गाठ झाल्यामुळे सारे कुटुंब यझ्दला जाते, तेव्हा नातवाला औषध कशासाठी लागते हे त्या आजोबांना उमगत नाही. ‘तुला काय कमी आहे?’ हा आपल्या घराघरांतला प्रश्न यझ्दमध्येही तितक्याच प्रेमाने आणि तितक्याच अजाणतेपणी विचारला जातो.

यझ्दमध्ये डॅरियसला सोहराब भेटतो. दोघे फुटबॉल खेळतात आणि बागेतल्या स्वच्छतागृहाच्या छपरावर बसून शहर न्याहाळतात. अनेकदा काही बोलतही नाहीत. सोहराब बहाई धर्माचा आहे आणि त्याचे वडील तुरुंगात आहेत. इराणच्या राज्यघटनेने झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या अल्पसंख्याकांना मान्यता दिली आहे, बहाईंना नाही. हा फरक लेखक व्याख्यान न देता मैत्रीतूनच जाणवू देतो. फारसीत आठवण आली हे सांगताना ‘तुझी जागा रिकामी होती’ अशा अर्थाचे शब्द वापरतात. त्यांतले ‘जा’ आणि ‘खाली’ हे दोन्ही शब्द मराठी कानाला परके नाहीत (तबल्यातली ‘खाली’ आठवावी), त्यामुळे सोहराब ते डॅरियसला म्हणतो तो प्रसंग अनुवादाशिवायच थेट पोहोचतो.

वाचकाला इथे आणखीही ओळखीचे बरेच सापडेल. टेंभी नाक्याजवळच्या अग्यारीवरून रोज जाणाऱ्या माझ्यासारख्याला झरतुष्ट्री घरातले वातावरण सर्वस्वी अनोळखी वाटले नाही. शिवाय ज्यांच्या हॉटेलांत आपण ब्रून मस्का खाल्ला, त्या इराण्यांपैकी अनेकांचे पूर्वज यझ्द परिसरातूनच आले होते. डॅरियसचे चहाचे वेड, वेलची घातलेला चहा आणि ‘तारोफ’ नावाचा आग्रह-नकाराचा शिष्टाचार ही पाने विशेष रंगली आहेत. (आपल्याकडचे ‘नको नको, आत्ताच घेतला’ हे तारोफच नव्हे काय?)

उणिवाही आहेत. ‘स्टार ट्रेक’चे संदर्भ इतके दाट आहेत की ती मालिका न पाहिलेल्या वाचकाला काही विनोद नुसते ओलांडून जावे लागतात. शाळेत डॅरियसला छळणारी मुले निव्वळ पुठ्ठ्याची वाटतात. वडील आणि मुलगा यांच्यातील दुरावा शेकडो पाने जपल्यावर एका मोठ्या संभाषणात मोकळा होतो. ते संभाषण सुंदर आहे, परंतु त्याची चाहूल थोडी आधी लागायला हवी होती.

इंग्रजी सोपे असल्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना हे पुस्तक सहज वाचता येईल. त्यात आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आहे, म्हणून पालकांनी ते आधी स्वतः वाचावे. मुलांपासून लपवण्यासाठी नव्हे, तर ते विचारतील तेव्हा गोंधळू नये म्हणून. नवोदित लेखकाच्या किशोर कादंबरीला दिला जाणारा विल्यम सी. मॉरिस पुरस्कार २०१९ साली या पुस्तकाला मिळाला. पुढचा भाग २०२० साली आला, पण तो पोर्टलंडमध्ये घडतो; यझ्दच्या ओढीने तो विकत घेणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.