"सगळी पिल्लं निळीच" म्हणे!

ब्लू ऑर्पिंग्टन जातीच्या कोंबड्यांची उबवणीची अंडी एका हॅचरीकडून मागवलेली त्याचा रिव्ह्यू. पॅकिंग एक नंबर, एकही अंडं तडकलेलं नव्हतं, पिल्लंही ठणठणीत निघाली. पण जाहिरातीत छातीठोकपणे लिहिलंय "सगळी पिल्लं निळीच" आणि खुराड्यात बघावं तर काळी, निळी, पांढुरकी सगळीच मंडळी! अहो, निळा कोंबडा आणि निळी कोंबडी लावली की सरासरी 50 टक्के निळी, 25 टक्के काळी आणि 25 टक्के स्प्लॅश (म्हणजे पांढुरकी, निळसर शिंतोड्यांची) येणारच, तो जीनच तसा आहे, आणि ब्रीडिंगचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल हे मला तरी पटत नाही. सगळी निळी हवीत तर काळा आणि स्प्लॅश अशी जोडी लावायची, विषय संपला. फोन केला तर म्हणे मोठी झाली की रंग बदलेल. काळं पिल्लू निळं होतं होय?

बाकी पक्षी देखणे आहेत हां. निळीच्या प्रत्येक पिसाला गडद काठ, काळीवर उन्हात हिरवी झाक, पण माझी लाडकी ती स्प्लॅश तलंग, अंगभर निळसर शिंतोडे, नुसतं बघत बसावं. घरातले निळीवर खूश, मी हिच्यावर.

3 स्टार. एक स्टार जाहिरातीचा कापला, एक त्या फोनवरच्या उत्तराचा. घेणार असाल तर आधी आई-बापाचे फोटो मागा, रंग तर बघाच पण पाय सरळ आहेत का आणि कोंबडा अंगावर येणारा तर नाही ना तेही विचारा.