पैसे नर्सचे घेता, तर नर्सच पाठवा: घरी नर्स देणाऱ्या ब्युरोचा अनुभव

सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा नाकातून पोटात जाणारी, जेवण भरवायची नळी म्हणजे राइल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर आणि गोळ्यांची भलीमोठी पिशवी सोबत होती. मी स्वतः महापालिकेच्या हॉस्पिटलमधून सिस्टर इन्चार्ज म्हणून रिटायर झालेय. काय करायचं ते सगळं माहीत आहे, पण गुडघ्यांमुळे अंथरुणावरच्या माणसाला एकटीने कुशीवर वळवणं आता होत नाही. म्हणून ओळखीतून या ब्युरोला फोन केला. दिवसाची आणि रात्रीची, बारा-बारा तासांची ड्यूटी; दोन्हीला नर्सच हवी, असं स्पष्ट सांगितलं. दर ड्यूटीचे १,८०० रुपये ठरले, आठवड्याचे पैसे आगाऊ. पाचपैकी तीन तारे देतेय, आणि ते तिन्ही दिवसाच्या सिस्टरमुळे.

ही मुलगी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिने मी मागायच्या आधीच दाखवलं. नालासोपाऱ्याहून परळला येते, आमच्या जुन्या इमारतीचे तीन जिने चढते. आल्यावर हातातलं घड्याळ काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग पलंगाजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, मी आलेय हं. आज दिवसभर मी आहे तुमच्याजवळ." त्यानंतर काही वेळ तिने कशालाच हात लावला नाही, नुसती बघत राहिली. श्वास कसा चाललाय, ओठ कोरडे आहेत का, तोंडाचा कोपरा किती ओघळलाय, युरोबॅगमध्ये लघवी किती आणि कोणत्या रंगाची. वॉर्डात नवीन मुली यायच्या तेव्हा मी त्यांना हेच पहिलं शिकवायचे. आधी पेशंट बघा, मग ट्रॉलीकडे वळा. कितीतरी जणींना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

ट्यूबमधून जेवण देताना तिची शिस्त बघण्यासारखी आहे. आधी डोक्याकडची बाजू उंच करते, सिरिंजने ओढून नळी पोटातच आहे याची खात्री करते, मग सावकाश भरवते. शेवटी पाणी सोडून नळी साफ करते आणि त्यानंतरही तासभर आजींना आडवं होऊ देत नाही. घाईघाईने भरवून लगेच आडवं केलं तर अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. घरी सोडलेले पेशंट पुन्हा ॲडमिट होताना मी अशाच कारणांनी पाहिले आहेत.

गोळ्यांचंही तसंच. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक नर्सला पाठ असतात, पण पाठ असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. ट्यूबसाठी सगळ्या गोळ्या कुटून द्यायच्या होत्या. तिने एक पट्टी बाजूला काढली आणि म्हणाली, "मॅडम, ही एसआर आहे, कुटून चालणार नाही. डॉक्टरांना विचारू या?" एसआर गोळी पोटात हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बदलून दिली.

आमचं घर म्हणजे दीड खोली. स्पंज करायच्या वेळी ती दोरीवर चादर टाकून आडोसा करते आणि माझ्या नवऱ्यालासुद्धा बाहेर बसायला सांगते. सासूबाईंनी आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आज त्यांना बोलता येत नाही म्हणून लाज वाटत नाही असं थोडंच आहे! सिस्टर प्रत्येक गोष्ट आधी त्यांना सांगते आणि डावा हात दाबून होकार द्यायला लावते. आता आई स्वतःहून हात पुढे करतात.

एका सकाळी तिने मला हाक मारली. लघवी गढूळ होती, अंग किंचित गरम होतं आणि आजी रोजच्यापेक्षा जास्त गुंगीत वाटत होत्या. एकेकटं बघितलं तर यातलं काहीच मोठं नव्हतं. तिने तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या, वेळ घालून वहीत लिहिल्या आणि डॉक्टरांना फोनवर तशाच क्रमाने सांगितल्या. लघवीची तपासणी झाली, औषध लगेच सुरू झालं, हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही. नर्सिंग कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं तर मी हीच सकाळ सांगेन. बघणं, त्याचा अर्थ लावणं आणि योग्य माणसाला वेळेत सांगणं.

आता तक्रार. रात्री पांढरा कोट घालून एक बाई आल्या. मी रजिस्ट्रेशन विचारलं तर त्यांनी खरं ते सांगून टाकलं, "ताई, मी नर्स नाही. ब्युरोतच थोडं शिकवलं, मग एका आजोबांना सांभाळलं." ब्युरोला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडे सगळ्या नर्सच असतात." असं नसतं. जीएनएमला तीन वर्षं जातात, एएनएमला दोन, बीएस्सी नर्सिंगला चार, आणि त्यापुढे कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. अटेंडंटला नर्स म्हणून पाठवणं ही पेशंटची फसवणूक आहे आणि त्या बाईंवरही अन्याय आहे. उद्या कुणी तिला ट्यूब घालायला किंवा इंजेक्शन द्यायला लावलं आणि काही झालं तर बोल तिच्यावर येणार. तिला हातात किती मिळतात ते विचारलं, तर मी भरत होते त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. बरीच बोलाचाली झाल्यावर ब्युरोने पुढच्या आठवड्यापासून दर कमी केला. आधीचा फरक अजून दिलेला नाही.

त्या बाईंना मात्र मी बदललं नाही. रात्री दर दोन तासांनी उठून त्या आईंची कूस बदलतात, चुकत नाहीत. उजव्या हाताला धरून ओढत नाहीत. मी एकदाच दाखवलं तसं ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली घातलेली आडवी चादर, धरून मला हाक मारतात आणि आम्ही दोघी मिळून वळवतो. टाचा उशीने अधांतरी ठेवतात. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून बघतात आणि दाबूनही ती जात नसेल तर सकाळी सांगतात. आमच्या काळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची पद्धत होती. लाल झालेल्या जागी आता चोळत नाहीत, हेही त्यांना एकदा सांगितलं ते पुरलं. ट्यूबचं आणि गोळ्यांचं रात्रीचं काम मी स्वतः करते, ते त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

कूस बदलणं हे हलकं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या इथल्याच केईएम हॉस्पिटलमध्ये काय घडलं ते आठवावं. अरुणा शानबाग तिथल्याच नर्स. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्यानंतर त्या अंथरुणालाच खिळल्या आणि २०१५ मध्ये गेल्या. एवढी वर्षं केईएमच्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं आणि अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या सेवेचं कौतुक केलं. ती सेवा म्हणजे रोजचं पुसणं, भरवणं आणि कूस बदलणंच होतं.

ब्युरोची आणखी एक उणीव म्हणजे ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या माणसाला सांगणं. दिवसाची ड्यूटी आठला संपते आणि रात्रीचीही आठलाच सुरू होते. मधे एक मिनिटही ठेवलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ उभं राहून ओव्हर दिल्याशिवाय कुणी वॉर्ड सोडत नाही. इथे सिस्टर स्वतःची विरार लोकल सोडून थांबते आणि त्याचा मोबदला तिला मिळत नाही. नोंदींसाठी ब्युरोकडे साधा कागदही नाही, मी दोनशे पानी वही आखून दिली. पंधरा मिनिटं जास्तीची धरून त्याचे पैसे लावा, मी आनंदाने देईन.

दोन्ही ड्यूट्या याच ब्युरोकडे चालू ठेवल्या आहेत. तुम्ही घेणार असाल तर ॲडव्हान्स भरण्याआधी त्या माणसाचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन व्हॉट्सॲपवर मागवा आणि अटेंडंट असेल तर दर अटेंडंटचाच ठरवा. सिस्टरच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार हेही आधीच विचारून ठेवा, कारण ते नाव आम्हाला दर वेळी आदल्या रात्री कळतं.