डबल स्टँड नसलेली गाडी आणि मुंबईचा पावसाळा: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या चाकाचं बेअरिंग बारा हजार किलोमीटर व्हायच्या आत गेलं. गाडी कधी पडली नाही, कुठे ठोकली नाही, एकही सर्व्हिस चुकवलेली नाही. गेल्या दसऱ्याला घेतलेली १६० सीसीची गाडी. फ्युएल इंजेक्शन, पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), डिजिटल मीटर. बाकीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण माझी तक्रार या गटातल्या बऱ्याच नव्या गाड्यांना लागू आहे. गाडी सरळ उभी करून मागचं चाक उचलून धरणारा डबल स्टँड नाही. नुसता साइड स्टँड. एवढ्याशा लोखंडासाठी कोण एवढं लिहितं, असं वाटेल. पण माझं बेअरिंग, चेन सेट आणि ऑगस्टमधला एक अख्खा शनिवार त्यापायी गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं. भांडुपहून लोअर परळला रोजचं जाणं-येणं. ईस्टर्न एक्स्प्रेसवर गाडी साठ-सत्तरला शांत चालते, शीव ते दादर टीटीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला कुरकुरत नाही, क्लच हलका आहे, अ‍ॅव्हरेज ४२ ते ४५ मिळतं. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू हे तिन्ही रस्ते दुचाकीला बंद, त्यामुळे शहरातले चांगले रस्ते आपल्या वाट्याला नाहीतच. आपल्याला खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा. त्या सगळ्यावर ही गाडी नीट बसते. इंजिनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पावसाळ्याआधीची सर्व्हिस झाली आणि मागून बारीक घरघर सुरू झाली. मला ती कळली नव्हती, बायकोला कळली. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे, त्यामुळे आवाज तिलाही ऐकू येत नव्हता. पण ती म्हणाली, "अहो, पायाखालचं फुटरेस्ट थरथरतंय. आधी नव्हतं असं." एकटा असलो की थरथर कमी, ती बसली की जास्त. या एका निरीक्षणात सगळं निदान होतं.

चेन थोडी ढिली असावीच लागते. मागचं चाक ज्या स्विंगआर्मवर आहे, तो खड्ड्यात वर-खाली होतो. माणूस बसला, मागे आणखी एक बसला, की सस्पेन्शन दबतं आणि पुढच्या स्प्रॉकेटपासून (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) मागच्या ॲक्सलचं अंतर वाढतं. त्या वाढलेल्या अंतराला लागणारी चेन या ढिलाईतून मिळते. ढिलाई काढून टाकली, तर प्रत्येक खड्ड्याला चेन ताठ होते आणि तो ताण चाकाच्या बेअरिंगवर आणि पुढच्या स्प्रॉकेटमागे असलेल्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो. चाकाचं बेअरिंग काही शे रुपयांत बदलतं; गिअरबॉक्सचं गेलं तर इंजिन उघडावं लागतं. उलट चेन फार ढिली असेल तर ती दातांवरून उडते, आणि चालत्या गाडीत उतरून अडकली तर मागचं चाक जाम होतं. हायवेवर साठच्या वेगात मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ढिलाई २० ते ३० मिलिमीटर दिली आहे. खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली ढकलायचं आणि पट्टीने मोजायचं. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये मी स्टीलची पट्टी लावली. दहासुद्धा भरली नाही, म्हणजे सर्व्हिसमध्ये चेन फारच ताठ केली होती. सर्व्हिस सेंटरला त्याच आठवड्यात गाडी नेली. तिथल्या मेकॅनिक मुलाने गेटजवळच दोन पाने लावले, जराशी ढिली केली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि "झालं सर" म्हणाला. पट्टी नाही, चाक फिरवणं नाही.

चाक फिरवणं का हवं? चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखाद्या जागी ती जास्त ताठ असते, आणि मोजमाप त्या सर्वांत ताठ जागेवर घ्यायचं असतं. मुलाने ढिल्या जागेवर अंगठा लावला असेल तर ताठ जागा तशीच राहिली. आता ती जागा शोधायची कशी? डबल स्टँड असता तर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवत गेलं की पाच मिनिटांचं काम. साइड स्टँडवर चाक जमिनीला टेकलेलं. मग गाडीच पुढे ढकलत न्यायची. माझ्या गाडीच्या चेनला साधारण १२० कड्या आणि मागच्या स्प्रॉकेटला ४४ दात आहेत. म्हणजे चेनचा एक फेरा पुरा व्हायला चाकाचे पावणेतीन फेरे, सव्वापाच मीटरच्या आसपास जागा. भांडुपच्या आमच्या सोसायटीत गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात. सव्वापाच मीटर सोडा, गाडी बाहेर काढायला आधी बाजूच्या दोन गाड्या हलवाव्या लागतात.

आणि हे काम वर्षातून एकदाचं नाही. दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल द्यायचं असतं, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्यासाठी हे दहा-बारा दिवसांनी येतं. जुलैत चेनवर चिखल, सिमेंटचं पाणी, रस्त्यावरची वाळू, सगळं एकदम बसतं. दोन दिवस गाडी तशीच ठेवली तर कड्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो. मुंबईच्या दमट हवेत तो कोरड्या गावापेक्षा लवकर येतो.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतोच. गाडी ढकलायचा कंटाळा येतो म्हणून काही जण चाक कसंतरी उचलून इंजिन चालू करतात, पहिला गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडकं लावतात. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं जातं आणि बरोबर बोटंही जातात. इंजिन बंदच हवं, चावी काढून खिशात हवी.

ऑगस्टमध्ये घरघरीची खरखर झाली. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी मागची बाजू जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं, तर ते चक्क डुगडुगलं. "बेअरिंग संपलंय, गाडी चालवू नका," एवढंच म्हणाले. बेअरिंगची ही तपासणीसुद्धा चाक उचलल्याशिवाय होत नाही, हे लक्षात घ्या.

मग तो शनिवार. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, बेअरिंग वॉरंटीत येत नाही. वेअर अँड टेअर आहे." मी जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिसमध्ये केलेल्या कामांचा कागद, काढलं. त्यावर 'चेन ॲडजस्ट' असं लिहून पैसे लावलेले. विचारलं, किती मिलिमीटरला ॲडजस्ट केली ते लिहिलंय का? "सर, ते कोणीच लिहीत नाही." मग मॅनेजर आले. मी मॅन्युअलचं पान उघडलं, पट्टी दिली, म्हटलं, आता चाक फिरवून ताठ जागेवर तुम्हीच मोजा. त्यांनी मोजलं. आठ मिलिमीटर. त्यानंतर त्यांचा आवाज खाली आला. बेअरिंगचे आणि मजुरीचे पैसे त्यांनी सोडले, चेन सेटचे मात्र मला भरावे लागले, अडीच हजारांच्या वर. तेव्हापासून माझ्या जॉब कार्डवर ढिलाई मिलिमीटरमध्ये लिहून घेतो, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का ते बघतो, आणि ॲक्सलचा नट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायला सांगतो. तुम्हीही सांगा. मागितलं की करतात.

या सगळ्यात एका बाबतीत माझं मत पार बदललं. कंपनीचे टायर मला पहिल्यापासून दगडासारखे वाटत होते आणि पावसाळ्यानंतर बदलायचे असं ठरवलंही होतं. त्याच शनिवारी हवा तपासली, तर सर्व्हिसमध्ये मागच्या टायरला ४० पीएसआय भरलेली. मॅन्युअलप्रमाणे पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि मागे कोणी बसणार असेल तर ३२ हवी. बरोबर हवा भरल्यावर तीच गाडी ओल्या काँक्रीटवर चिकटून चालायला लागली. टायर चांगले आहेत, बदलणार नाही. हवा सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने बघतो.

एबीएसबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, आणि ही सक्ती किती योग्य होती ते मला जुलैत कांजूरमार्गजवळ कळलं. पुढच्या कारने पाण्याने भरलेला खड्डा बघून जोरात ब्रेक मारला. मी पुढचा ब्रेक पूर्ण आवळला, लिव्हर हाताखाली थरथरलं, चाक घसरलं नाही आणि गाडी सरळ रेषेत थांबली. लिव्हर थरथरलं की घाबरून सोडायचं नाही, धरूनच ठेवायचं. मागचा ब्रेक मात्र जपून, कारण तिथे एबीएस नाही. गाडी निघाल्यावर मीटरवरचा एबीएसचा दिवा विझतो का, हे रोज बघा. विझला नाही तर ब्रेक साधा आहे असं समजून चालवा आणि लवकर दाखवा.

नियमाचं बोलायचं तर, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सांगितलं आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते यातूनच आलं. एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू. हे सगळं सुरक्षिततेसाठी. मग चेन, बेअरिंग आणि टायर मालकाला घरी तपासता येणं हेही सुरक्षिततेचंच आहे. डबल स्टँड काढल्याने थोडं वजन आणि थोडा खर्च वाचतो, गाडी खालून दिसायला सुटसुटीत होते. त्याची किंमत मालकाने का मोजायची? माझ्या गाडीला बाहेरून बसवायलाही जागा नाही, खालून सायलेन्सर जातो. फ्रेमला वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात. ते अजिबात करू नका. फ्रेमची ताकद आणि वॉरंटी दोन्ही जातात.

इंजिन ऑइलचंही तेच. ऑइलची खिडकी, म्हणजे इंजिनवरची पातळी दाखवणारी काच, गाडी सरळ असतानाच बघायची असते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली, खिडकी उजवीकडे, म्हणून ऑइल कमी दिसतं, आणि लोक वरून ओततात. जास्त झालेलं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात येतं. घरी कोणाला तरी हँडल धरायला लावून गाडी सरळ करा आणि मगच बघा.

दादरच्या हिंदमाताला पाणी भरलं की माझा नियम ठरलेला आहे: सायलेन्सरच्या तोंडापर्यंत पाणी दिसलं की गाडी आत घालायची नाही, आणि पाण्यात बंद पडली तर सेल मारायचा नाही. पाणी इंजिनात गेलेलं असेल तर सेल मारल्यावर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ढकलत बाहेर काढायची. ऑइल दुधाळ दिसलं तर टोइंग बोलवायचं. या गाडीला किकही नाही, म्हणून बॅटरी सांभाळावी लागते. पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवरच चालतो. टाकी अगदी तळाला येऊ देऊ नका, तो पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो.

शेवटी उपाय सापडला तो सोसायटीतच. अशाच गाड्या असलेल्या आम्ही काही जणांनी वर्गणी काढून एक पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, घेतला, दोन हजारांच्या आसपास. तो वॉचमनच्या केबिनमागे असतो. लावताना दोघं लागतात: एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून उचलायचं, साइड स्टँड शेवटपर्यंत खालीच. उतारावर लावायचा नाही; आमच्या इमारतीत फक्त गेटजवळचा तुकडा सपाट आहे, तिथेच लावतो. रविवारी संध्याकाळी फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना, रॉकेलच्या फडक्याने पुसतो आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने देतो. चेनमध्ये रबरी ओ-रिंग आहेत, त्यामुळे पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. मागे वर्तमानपत्र धरायचं, टायरवर किंवा डिस्कवर थेंब पडता कामा नये. रात्रभर तेल मुरू द्यायचं, सकाळी जास्तीचं पुसायचं. चेनच्या स्प्रेच्या एका डब्याच्या पैशांत एक लिटर गिअर ऑइल येतं आणि ते तिघांना वर्षभर पुरतं. नव्या चेनला तीन हजार किलोमीटर झाले, ढिलाई २५ वर आहे, फुटरेस्ट थरथरत नाही.

कंपनीला ईमेल केला होता. "तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे," असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिणार आहे, निदान पैसे घेऊन तरी स्टँड द्या म्हणून. गाडी घ्यावी का, असं विचाराल तर चालवायला ही नक्कीच घेण्यासारखी आहे. पण शोरूमला जाल तेव्हा रंग आणि मीटर बघायच्या आधी खाली वाकून बघा. डबल स्टँड नसेल तर तो बसवायला जागा आहे का ते विचारा, आणि नसेल तर पॅडॉक स्टँडचे दोन हजार गाडीच्या किमतीतच धरा. घरी सपाट जागा नसेल तर डबल स्टँडवाली गाडी शोधा, इंजिन थोडं कमी ताकदीचं असलं तरी.